चौथा पिक

"बांध ओढणी डोळ्यांवर," दाभोळे मास्तर म्हणाले. "घट्ट बांध. नंतर कुणी म्हणायला नको, राजमतीनं बघून बघून वाजवलं."

"आधी शब्द द्या."

"कसला शब्द?"

"या चार पिकांत शिंगाचा पिक नसेल म्हणून."

वखारीत बसलेले सगळे वादक खुदखुदले. मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "दिला शब्द. सगळ्यांच्या समोर दिला. आता जोतिबाची शपथ घेऊ काय?"

"शब्द पुरे," मी म्हणाले, आणि ओढणीची घडी करून डोळ्यांवर बांधली. शब्द पुरे म्हणणारी मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

जयसिंगपुरात आमचा नवतारा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत आणि उरुसात मंडळांसमोर वाजवायचा, आणि एरवी तंबाखूच्या एका जुन्या वखारीत तालीम करायचा. तंबाखू कधीच संपला होता, पण भिंतींत तो इतका मुरला होता की नवीन माणूस आला की पहिला अर्धा तास नुसता शिंकत असे. मी तिथे गिटार वाजवायची. पोरगी गिटार वाजवते म्हणून मंडळवाले मला पुढे बसवत आणि पोरगी वाजवते म्हणून माझा आवाज मिक्सरवर कमी ठेवत. दोन्ही एकाच तोंडाने.

त्या वर्षी कोल्हापूरचे पारगावकर आमची कॅसेट काढणार होते. कॅसेटच्या सुरुवातीला नुसत्या गिटारचा एक तुकडा असणार होता, शब्द नाहीत, गाणारा नाही. असा तुकडा मी स्वतः बसवला होता. तो मी वाजवायचा की नाही, आणि वाजवायचा तर कशाने, एवढ्यासाठी त्या दिवशी दुपारी पारगावकर मुद्दाम आले होते आणि शिंकत बसले होते.

भांडण होतं ते पिकचं. गिटारची तार छेडायला बोटांत धरतात तो पिक. चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा तुकडा, पण त्यावरून माणसं एकमेकांचं तोंड बघायची बंद होतात. मास्तर स्वतः जुने गिटारवाले. तरुणपणी मिरजेच्या एका बँडमध्ये असताना कुणा गोवेकर बँडमास्तरने त्यांना म्हशीच्या शिंगाचा पिक दिला होता. काळाभोर, गुळगुळीत. तो ते तपकिरीच्या चांदीच्या डबीत ठेवायचे आणि डबी बंडीच्या आतल्या खिशात. पुढे त्यांची बोटं थरथरू लागली आणि गिटार सुटली, पण डबी सुटली नाही. नवतारामध्ये जो कोणी गिटार वाजवेल त्याने महत्त्वाचा तुकडा त्या शिंगानेच वाजवायचा असा त्यांचा दंडक होता.

"नायलॉन म्हणजे खरकटं तोंड," ते म्हणायचे. "सेल्युलॉइड म्हणजे नुसती टिकटिक. तारेला बोलतं करायचं तर शिंगच पायजे. शिंगात जीव असतोय."

आणि मी नेमकं त्याचसाठी शिंगाला हात लावत नव्हते.

आम्ही जैन. पण मी काही फार धर्माची नव्हते. चातुर्मासात कांदा बंद असताना बसस्टँडवर कांदाभजी खाल्लेली आहे मी, आणि आवडीने खाल्लेली आहे. पण आमच्या गोठ्यात एक म्हैस होती. ती म्हातारी होऊन मेली त्या दिवशी शिंगं मागायला एक माणूस दारात आला. आजोबांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हणाले, "आमची म्हैस अख्खीच जाणार." मळ्याच्या बांधाला मोठा खड्डा काढून तिला शिंगांसकट पुरलं. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते. पुढे गावात आर्यिका माताजी आल्या तेव्हा बायका एकेक नियम घेत होत्या. मी कांद्याचा घेतला नाही, झेपलाच नसता. मी म्हणाले, चामडं आणि शिंग हातात धरणार नाही. माताजी हसल्या आणि हो म्हणाल्या. एवढा एकच नियम मी आयुष्यात घेतला, आणि घेतला तो पाळायला.

मास्तरांना हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "आणि गुलाबच्या ढोलकीला काय केळीची सालं लावल्यात? चामडंच हाय की ते. त्याच्याबरोबर वाजवतीस तेव्हा नियम कुठं जातोय?"

"ढोलकी चाचा वाजवतात. माझ्या बोटात काय धरायचं ते मी ठरवणार."

"लई शहाणी हाईस."

मग मी पिक शोधायला लागले. दुकानातला नायलॉनचा आणला. तारेवर तो इतका मऊ पडायचा की सूर बाहेर येण्याआधीच गिळला जायचा. सेल्युलॉइडचा आणला. तो खणखणीत होता, पण मास्तर म्हणतात ते खोटं नव्हतं, प्रत्येक सुराआधी त्याची स्वतःची टिक ऐकू यायची. बादलीचं झाकण कापून पाहिलं. आईच्या छातीचा जुना एक्सरे कापून पाहिला, तो वाऱ्यावरच्या पताकेसारखा फडफडला, वर आईच्या शिव्या मिळाल्या. शेवटी एकदा बंबात घालायच्या करवंट्यांच्या ढिगातून एक जाड करवंटी उचलली, तिचा तुकडा काढला आणि धुण्याच्या दगडावर घासत बसले. करवंटीला मुळातच बाक असतो, तो अंगठ्याखाली नेमका बसला. रोज थोडं घासायचं, खोबरेल तेल चोळायचं, पुन्हा घासायचं. हळूहळू तो तुकडा काळसर तपकिरी झाला आणि इतका गुळगुळीत झाला की गालावर फिरवला तर कळूही नये. त्याने वाजवलेला सूर भरीव यायचा, घामाने हातातून सटकायचा नाही, आणि मंद्र तारेवर तर असा घुमायचा की माझं मलाच बरं वाटायचं.

मास्तरांनी तो हातात घेऊन पाहिला. "दिसायला शिंगासारखा हाय," म्हणाले. "पण सोंगच ते. करवंटी ती करवंटी. भीक मागायची वस्तू."

म्हणून ही परीक्षा ठरली, आणि ती पारगावकरांनीच सुचवली. चार पिक. एकच तुकडा चार वेळा. मी डोळे बांधून वाजवायचं, म्हणजे माझ्याकडून पक्षपात व्हायला नको. ऐकणाऱ्यांनी माझ्याकडे पाठ करून बसायचं. सर्वांत चांगला वाजेल तो पिक कॅसेटवर. पहिला नायलॉन, दुसरा सेल्युलॉइड, तिसरी माझी करवंटी, आणि चौथा मास्तरांनी पुण्याहून मागवलेला कसलासा नवा प्लॅस्टिकचा पिक. हातात पिक द्यायला शैला. शैला आमची निवेदिका, आणि मास्तरांच्या बायकोची धाकटी बहीण. राहायची त्यांच्याच घरी. तिचं स्टेजवरचं बोलणं मधासारखं आणि स्टेजखालचं अगदी मोजकं.

"हं, कर सुरू," मास्तर म्हणाले. सतरंजीवर सगळे पाठ करून वळल्याचं मला ऐकू आलं.

शैलाने पहिला पिक हातात ठेवला. नायलॉन मी ओळखलाच. वाजवला. कुणीतरी जांभई दिली.

दुसरा दिला. त्याची टिकटिक. पारगावकर म्हणाले, "हा बरा आहे."

तिसरा हातात आला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. पण खरं सांगायचं तर भीतीही वाटली. हीच माझी वस्तू, हिच्यावरच सगळं, असं मनात आलं आणि मी जपून जपून वाजवायला लागले, पाहुण्यांसमोर मुलीने चहाचा ट्रे आणावा तशी. तुकडा संपला.

"मेलेला आवाज," मास्तर म्हणाले. "नुसता लाकडाचा ठोकळा. काय पारगावकर?"

"थोडा दबलेला वाटला खरा," पारगावकर म्हणाले आणि शिंकले.

"करवंटी म्हटल्यावर दुसरं काय हुणार," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा. त्या हशात मला गुलाबचाचांचाही आवाज ऐकू आला. चाचा मला लहानपणापासून ओळखायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शैलाने पिक काढून घेतला. जरा वेळ गेला. मग तिने चौथा माझ्या बोटांत दिला. तो उबदार होता. मला वाटलं तिने मुठीत घट्ट धरला असेल, आणि रागाच्या भरात मी तो नीट चाचपूनही पाहिला नाही.

तो मी कसा वाजवला ते मला आठवतं, कारण तसं मी आधी कधी वाजवलं नव्हतं. मला कुणालाच काही दाखवायचं नव्हतं, फक्त त्या हशाला तोंड बंद करायला लावायचं होतं. प्रत्येक सूर मी तारेतून ओढून काढला. शेवटच्या मंद्र सुराला हात उचलला तेव्हा वखारीत कुणी शिंकतही नव्हतं.

"वा," पारगावकर म्हणाले. "हाच. याला काही प्रश्नच नाही."

आणि माझ्या तोंडूनही निघून गेलं, "हा चांगला आहे."

"ऐकलं? तीच म्हणतीया!" मास्तर ओरडले. त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मला आधी बरंच वाटलं. "सोड ती ओढणी. सोड, सोड. आणि सांग बघू, हातात काय हाय तुझ्या?"

"पुण्याचा नवा..."

"शिंग हाय ते, राजमते! शिंग! माझं शिंग! वाजवलंस का न्हाई? आणि काय झकास वाजवलंस!"

ओढणी खाली ओढली तर सगळे वळून माझ्याकडे बघत होते आणि हसत होते. म्हणजे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. पारगावकरही हसत होते. एकटी शैला जमिनीकडे बघत होती.

मी हातातला पिक न बघताच टाकून दिला. विंचू झटकावा तसा. तो सतरंजीवर पडला आणि मी तशीच धावत बाहेर गेले. वखारीमागे नळ होता. मी माती घेऊन हात चोळू लागले. बोटं लाल झाली तरी चोळत होते. मला रडू येत होतं ते नियम मोडला म्हणून नव्हतं नुसतं. तो मला आवडला होता, मीच तो चांगला म्हणाले होते, ते मला सहन होत नव्हतं. आणि एका माणसाने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. शपथ घ्यायला तयार होता तो, मीच नको म्हणाले होते.

"राजमती," मागून शैला म्हणाली. "हात बास कर आता. कातडं निघंल."

"तू दिलंस मला ते. तुझ्या हातानं दिलंस."

"इकडं बघ."

तिने मूठ उघडली. तिच्या तळहातावर काळाभोर पिक होता. तिने तो उजेडात धरला. कडेला मास्तरांच्या दातांची खूण होती. विचार करताना ते तो चावायचे.

"हे शिंग," शैला म्हणाली. "सकाळी भावजींनी डबीतनं काढून दिलं. म्हणाले, चौथ्याला हे दे, आणि कुणाला बोललीस तर बघ. मी हो म्हटलं. मग चौथ्याला तुझीच करवंटी परत दिली."

मी नळ बंद केला. "म्हणजे तिसरा आणि चौथा..."

"एकच. तुझ्या हातातनं काढून घेतला आणि तुझ्याच हातात दिला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर तू वाजवायला बसलीच नसतीस आणि पारगावकर निघून गेले असते. मला वाटलं, भावजी गप बसतील. कॅसेट झाल्यावर मनातल्या मनात हसतील. असं लगेच गावभर ओरडतील हे मला काय माहीत?"

आता मी हसावं की तिला मिठी मारावी हे मला कळेना. पण राग मात्र गेला नाही. उलट तो आता नीट पायावर उभा राहिला. मी हात ओढणीला पुसले आणि आत गेले.

"मास्तर," मी म्हणाले, "चौथा पिक शिंगाचा नव्हता. करवंटी होती ती. शैलानं बदलली."

हशा थांबला. मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शैलाकडे. शैलाने तळहात पुढे केला.

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. मास्तरांचं मात्र पडलं तरी नाक वर. त्यांनी सतरंजीवरचा पिक उचलला, डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला. "हे शिंग हाय," ते म्हणाले. "हिच्या हातात हाय ती करवंटी. आत्ता बाहेर जाऊन दोघींनी नाटक ठरवलंय."

"भावजी, त्याच्यावर तुमच्या दाताची खूण आहे."

"कसली खूण? आत्ताच चावलंस असशील!" ते पारगावकरांकडे वळले. "साहेब, तीस वर्षं मी शिंगाचा आवाज ऐकतोय. तिसऱ्याचा आवाज तुम्ही ऐकला, चौथ्याचाबी ऐकला. दोन्ही एकच म्हणती ही! कानात बोळे घातल्यात काय आपण? चौथं शिंगच हुतं. हिनं शिंगानंच वाजवलं. आता नियम मोडला म्हणून रडारड चाललीया."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी आधी ऐकलेल्या होत्या. पण स्वतःच्या कानाची अब्रू राखायला एका मुलीने नियम मोडलाच असं सगळ्यांसमोर ठासून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्याला मी शिंगाने वाजवलेलं हवंच होतं. मी वाजवलं नव्हतं तरी हवं होतं.

"याला काडी लावा," मी म्हणाले.

"काय?"

"तुमच्या हातात आहे त्याला. शिंग असेल तर केस जळाल्याचा वास येईल. करवंटी असेल तर कसला येईल ते प्रत्येकाला माहीत आहे. पारगावकर, तुमच्याकडे काडेपेटी आहे ना?"

पारगावकरांनी खिशातून काडेपेटी काढली. मास्तरांनी मूठ मिटून छातीशी नेली.

"माझं शिंग जाळायचं? वेड लागलंय काय? मिरजेच्या बँडपासनं सांभाळलंय मी!"

त्यांचा आवाज कापला, आणि मला कळलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ते शिंग वाटत होतं. हाताला कळत नव्हतं, डोळ्याला कळत नव्हतं, आणि कान तर केव्हाच फसला होता. कुणाला दया आली असती. मला नाही आली.

"तुमचं शिंग शैलाच्या हातात सुखरूप आहे, मास्तर. जळणार आहे ती माझी करवंटी. माझा जीव तुटायला पाहिजे, तुम्ही कशाला घाबरता?"

आणि तो तुटत होता. धुण्याच्या दगडावर किती संध्याकाळी घासून तो आकार आला होता. तसा बाक असलेली करवंटी शंभरात एक निघते. तुकडा वाजवायचा तर त्याच पिकने, हेही मला ठाऊक होतं.

"द्या मास्तर," गुलाबचाचा म्हणाले. ते उठून पुढे आले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. "पोरीवर आळ घेतलाय तर सोक्षमोक्ष हुऊ दे."

मास्तरांनी मूठ उघडली नाही. चाचांनी त्यांची बोटं हळूच एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातातून सुरी काढावी तशी. पिक एका पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. पारगावकरांनी काडी ओढून लावली. पहिली विझली. दुसऱ्या काडीला कड धुमसली, आणि तेल मुरलेलं असल्यामुळे मग चांगली पिवळी ज्योत धरली.

वास आला. तंबाखूच्या त्या जुन्या उग्र वासातून वर आला. वखारीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी तेव्हा बंब होता, आणि प्रत्येकाच्या बंबात करवंट्या जात होत्या.

"आंघोळीचं पाणी तापाय लागलंय," गुलाबचाचा म्हणाले. "करवंटी हाय ही, मास्तर."

कुणी हसलं नाही. ज्योत बसली आणि झाकणावर एक काळी कपची उरली. शैला पुढे झाली आणि शिंगाचा पिक मास्तरांपुढे धरला. "घ्या भावजी. तुमची वस्तू." त्यांनी तो घेतला, डबीत ठेवला, डबी खिशात घातली.

"चला, निकाल लागला," पारगावकर हात चोळत म्हणाले. "उत्तमच झालं की. करवंटी तर करवंटी. आवाज आपण सगळ्यांनी ऐकलाय, तोच पाहिजे. राजमतीताई, दुसरा पिक करायला किती दिवस लागतील तुम्हाला?"

"करते," मी म्हणाले. "आधी मास्तरांनी एक सांगावं. शब्द दिला होता आणि मोडला, एवढं सगळ्यांसमोर म्हणावं. माफी नको मला."

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"मोडला? कुठं मोडला? तुझ्या हातात शिंग आलंच न्हाई की. आत्ता तूच काडी लावून दाखवलंस. मग शब्द मोडला कुठं?"

"तुम्ही शिंगच दिलं होतंत. माझ्यापर्यंत आलं नाही ते शैलामुळं."

"आलं न्हाई ना? मग झालं तर! काय बिघडलं?"

"जाऊ दे ग राजमती," कीबोर्डवाला म्हणाला. "चेष्टा होती. मास्तर वडीलधारे आहेत."

"हां, चेष्टाच," आणखी दोघे म्हणाले. "एवढं काय त्यात!"

मी एकेकाकडे बघितलं. घटकेपूर्वी हे सगळे माझ्याकडे पाठ करून बसले होते, आणि पाठ करून बसण्याआधी सगळ्यांना ठाऊक होतं. काय बिघडलं, हे ज्यांना सांगावं लागतं त्यांना सांगून उपयोग नसतो. पालथ्या घड्यावर पाणी. मी गिटार पेटीत ठेवली, खटके लावले.

"तुकडा?" पारगावकर म्हणाले.

"तुकडा माझा आहे. माझ्याबरोबर येतोय."

मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून मास्तरांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते, पारगावकरांना सांगत होते, अगदी शांतपणे, पटवून देत.

"काय असंल ते असू दे साहेब. पण चौथ्याचा आवाज शिंगाचाच हुता."

शैला माझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत आली. पेटीचं एक टोक तिने धरलं होतं. मी विचारलं, "तुला आता घरी काय होईल?"

"ताई जेवायला वाढंल. भावजी बोलणार न्हाईत." तिने पेटीचं टोक दुसऱ्या हातात घेतलं. "बरंच हाय की."

मग चालता चालता म्हणाली, "पण एक सांगू? रागावू नको. चौथा खरंच चांगला वाजला. मीबी चकित झाले. माझ्या हातानं दिला होता, तरी."

"तिसऱ्याला मी घाबरले होते," मी म्हणाले. "चौथ्याला चिडले होते."

"मग आता चिडूनच वाजवत जा," शैला म्हणाली, आणि आम्ही दोघी स्टँडवर लोक बघतील इतक्या मोठ्याने हसलो. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसणं.

कॅसेट निघाली. सुरुवातीला गिटारच्या जागी हार्मोनियम होती. मी पुढे सांगलीला क्लास काढला आणि तिथेच राहिले. करवंटीचे पिक अजून घासते. बरे वाजतात, पण तसा बाक परत मिळाला नाही. शैला दोनतीन वर्षांनी लग्न होऊन इस्लामपूरला गेली. दिवाळीला फोन करते आणि अजूनही विचारते, "चिडलीस का आज कुणावर?"

आणि मास्तर? मास्तर म्हातारे होईपर्यंत सगळीकडे सांगत राहिले. लग्नात सांगितलं, उरुसात सांगितलं, ऑर्केस्ट्राच्या सत्कारात म्हणे माइकवर सांगितलं, की आमच्याकडं मगदुमांची एक पोरगी होती, शिंगाला हात लावत नव्हती, पण एकदा तिला डोळे बांधून शिंग दिलं आणि काय वाजवलं म्हणता! काडी, वास, शैला, छातीवरचा हात, यातलं काही त्या गोष्टीत नसायचं. ती गोष्ट बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, माझ्या आईच्या कानावर गेली. आईने मला काही विचारलं नाही, पण त्या वर्षी माझ्यासाठी तिने गुपचूप दोन उपवास जास्त केले, हे मला फार उशिरा कळलं. याबद्दल मी दाभोळे मास्तरांना माफ केलेलं नाही. ते वारले, तरी केलेलं नाही.

अजूनही जयसिंगपूरचं कुणी घरी आलं की चहा पिता पिता विषय निघतोच. "तुम्ही म्हणे एकदा शिंगाच्या पिकने वाजवलं होतं? आणि तसं पुन्हा कुणालाच जमलं नाही म्हणे?"

मी वाद घालत नाही. उठते, स्वयंपाकघरात जाते. फोडलेल्या नारळाची करवंटी मी कधी टाकत नाही, तिचा एक तुकडा आणते, बशीत ठेवते, काडी ओढते आणि बशी पाहुण्याच्या नाकाखाली धरते.

"वास घ्या," मी म्हणते. "नीट घ्या. आणि गावात जाऊन हा सांगा."